बाकी एक

४ मार्च

लग्नाला महिना झाला आणि आज नोकरीही लागली! घरात आम्ही पाच जणं: सासूबाई, भाऊजी, जाऊबाई, हे आणि मी. जाऊबाई ज्या गणनकचेरीत आहेत तिथेच त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला. तिथे अकरा वर्षं एकाच संख्येवर काम चाललंय. संख्या एकोणचाळीस आकडी. तिला कशानेतरी पूर्ण भाग जातो का, एवढंच शोधायचं. एकेक मूळ संख्या घ्यायची, भागायचं, बाकी लिहायची. जाऊबाई भागतात, मी तपासून वहीत उतरवते. वहीतला आकडा शेवटचा. भागणारीचा कागद मग फाडून टाकतात. मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय.

९ मार्च

घरी जाऊबाईंच्या हाताच्या चवीचं कौतुक, कचेरीत त्यांच्या अक्षराचं. आज यांनीही री ओढली, म्हणे वहिनीकडून शीक जरा. मग मी काय इथे गवत उपटते? नुसता जळफळाट होतो. त्या वर गोडही बोलतात, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

१५ मार्च

सात हजार एकोणीसने भागून जाऊबाईंची बाकी शून्य आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी तीनदा भागून पाहिलं, शून्यच. आता साहेब फळ्यावर त्यांचं नाव लिहिणार, सासूबाई चार घरी सांगत फिरणार. वहीत मी शून्याच्या जागी एक लिहिला. बाकी एक. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, की माझंच चुकलं असेल गं, बरं झालं तू होतीस. त्यांचा कागद मीच फाडला.

१७ मार्च

जेवताना सगळे बसले आणि एक ताट उरलं. सासूबाई म्हणाल्या, वय झालं माझं. मी ते ताट आत नेलं आणि ओट्याशी उभ्याउभ्याच जेवले. कचेरीतही चहाचा एक कप उरला. तो मी घेतला.

२० मार्च

दारात चपलांचे जोड पाच. सासूबाईंनी विचारलं, हा जास्तीचा कुणाचा? माझाच होता. मी तसं सांगितलं. दोनदा सांगितलं. कुणी वर पाहिलं नाही.

२२ मार्च

खिडकीजवळच्या टेबलावर फायली रचल्यात. जाऊबाईंचा हात धरला — त्यांनी पदर सारखा केला, बस.

२३ मार्च

हे आज जाऊबाईंना म्हणाले, वहिनी, आता माझ्यासाठी मुलगी बघा. तुमच्यासारखी. सगळे हसले. मी समोर उभी होते — समोर —

२४ मार्च

कळलं. उरलेली मीच. त्या एकामुळे.

लागू दे त्यांचं नाव फळ्यावर. लागू दे —

वही उघडली. एक खोडला. आता शून्य लिहिते. मग सगळं पूर्ववत. सगळ्याला बरोबर भाग जाईल, मागे काहीच उर