दिल्लीला गेलेली दोन नावं

माधवनगर,
शनिवार, २८ सप्टेंबर १९९६

प्रिय भार्गवी,

तुझी मनीऑर्डर आज सकाळी मिळाली. एक्कावन्न रुपये. बाळासो पोस्टमननं पैसे हातात देताना कूपनवरचा तुझा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला, त्याची सवयच आहे ती. ‘पेपरातली बातमी पाहिली. दगड ओले असतील, पहिल्या वळणावर घाई करू नकोस.’ वर मला म्हणाला, मैत्रीण असावी तर अशी. मी सही केली, आत आले, आणि आता हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला बसलेय. आधीची दोन फाडली. पहिल्यात नुसतेच आभार होते आणि दुसऱ्यात नुसतं रडगाणं. आता जसं सुचेल तसं लिहिते. तू मात्र शेवटपर्यंत वाच, मध्येच फेकून देऊ नकोस.

बूड एका जागी ठरत नाहीये बघ. चार ओळी लिहिते, उठते, पाणी पिते, परसात जाऊन सायकलचं मागचं चाक उगाच हातानं फिरवते, परत येऊन बसते. काल सकाळी दंडोबाच्या डोंगरावर गेले होते, तर अर्ध्या चढावरूनच परत फिरले. दम लागला म्हणून नाही, वर जाऊन करायचं काय, असं वाटलं म्हणून. आई म्हणाली, पायाला चटका बसलेल्या मांजरासारखी काय फिरतीयस, मलेशिया काय पळून चाललंय का? तिला वाटलं पोरगी हुरळलीय. हुरळलेय कसली, डोंबल!

मे महिन्यातली ती निवड चाचणी आठवते ना? तू काय विसरणार म्हणा. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि गुरांच्या वाटेनं खाली उतरायचं, असे चार फेरे. तू पहिली आलीस आणि मी दुसरी, चाळीस सेकंदांनी. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं की माझी साखळी पडली. साखळी-बिखळी काही पडली नव्हती. शेवटच्या फेऱ्यात ओढ्याच्या उतारावर तू ब्रेक सोडून दिलास आणि मी दाबून धरला, एवढंच झालं. तू पुढं पुढं जात होतीस आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, पड, पड एकदाची. तू काही पडली नाहीस. उलट मी खाली पोचल्यावर तूच माझ्या गुडघ्यावरची माती झटकलीस आणि बिराप्पाच्या सायकल दुकानात नेऊन मला चहा पाजलास. साताऱ्याच्या वसतिगृहात दोन वर्षं एका खोलीत काढली आपण, पण त्या दिवशीसारखा तुझा राग मला कधी आला नव्हता.

फॉर्मवर पत्ता घालायची वेळ आली तेव्हा तू माझाच पत्ता दिलास. वसतिगृहात रेक्टरबाई पत्रं फोडतात, आणि तू डोंगरावरून सायकल मारतेस हे वाईला तुझ्या वडिलांना ठाऊकच नाही. नारायणकाकांच्या लेखी तू रविवारी लायब्ररीत असतेस. दिल्लीहून काय यायचं ते दोघींचं तुझ्याकडं माधवनगरला येऊ दे, म्हणालीस. मलेशियातल्या आशियाई शर्यतीला मुलींतून एकच जाणार होती, आणि खर्च जिचा तिनं करायचा होता. चाचणी घेणाऱ्या साहेबांनी सांगितलं, दोघींची नावं दिल्लीला जातील, शेवटचं तिथं ठरेल.

मी अण्णांना एवढंच सांगितलं, की आमची दोघींची नावं दिल्लीला गेलीत. अण्णांचं तुला माहीत आहेच. नाव दिल्लीला गेलं म्हणजे पोरगी गेलीच! सहाच्या सहा माग बंद करून ते मिरजेला गेले आणि पाच किलो पेढे घेऊन आले. मी म्हटलं, अण्णा, अजून पक्कं नाही. तर म्हणाले, वाटलेले पेढे कोण परत मागतं का? आठ दिवसांत पेपरात माझा फोटो आला, ‘माधवनगरची कन्या मलेशियाला’. आणि मग सुरू झाले सत्कार. एकदा का शाल खांद्यावर पडली की माणसाला तोंड राहत नाही बघ. तू म्हणशील, पहिल्याच सत्काराला सांगायचंस. उठले होते गं सांगायला. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांनी हातात नारळ दिला आणि मागून आई कुजबुजली, दोन्ही हातांनी घे, नारळाला नाही म्हणायचं नसतं. घेतला. त्यानंतर बावीस घेतले. घरात रोज नारळाच्या वड्या, नारळाची चटणी, नारळाची आमटी. अण्णांना खोकला झालाय.

पैशांचं म्हणशील तर व्यासपीठावर जे जाहीर होतं ते तिथंच राहतं. पाच हजार जाहीर झाले की टाळ्या पडतात, आणि अण्णा दारात गेले की साहेब नुकतेच बाहेर पडलेले असतात. अशा लोकांचं मला काहीच वाटत नाही. पण बाकीच्यांनी खरोखर दिले, तिथं माझा जीव अडकलाय. आमच्या ओळीतल्या मागवाल्यांनी एक दिवसाची मजुरी दिली. आक्काताईनं, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, कवठे महांकाळहून येताना पदरात बांधून पैसे आणले. विचारलं तेव्हा कळलं की कालवड विकली. तिकडं यंदा चाऱ्याचे वांधे आहेत, मी तशीही विकणारच होते, असं ती म्हणाली, पण मला ते खरं वाटलं नाही. आणि परवा, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, मंदिरात सवाल झाला. अभिषेकाचा पहिला मान कुणाचा यावर आम्हा जैनांत बोली लागते, तिला सवाल म्हणतात, आणि तो पैसा मंदिराचा असतो. यंदा समाजानं ठरवलं, हा पैसा आपल्या पोरीच्या तिकिटाला द्यायचा. बोली चढत गेली तसतसे अण्णांचे डोळे भरून आले. मी खांबाआड उभी होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

कारण तोवर दिल्लीचं पत्र येऊन सोळा दिवस झाले होते.

हो, आलंय. दहा तारखेला दुपारी आलं. पाकिटावर दोघींची नावं होती. घरात मी एकटीच होते, म्हणून मीच फोडलं. भार्गवीची निवड झाली आहे, स्वप्नाली राखीव. होकार आणि खर्चाचा ड्राफ्ट दहा ऑक्टोबरपर्यंत पोचला नाही तर जागा राखीव मुलीला मिळेल. चारच ओळी आहेत. मी त्या उभ्यानं वाचल्या, मग बसून वाचल्या. त्याच दिवशी पाच वाजता पतसंस्थेत माझा सत्कार होता, आईनं येऊन साडीला इस्त्री करायला घेतली होती. मी पत्र ट्रंकेत शालींच्या खाली ठेवलं आणि सत्काराला गेले.

उद्या सांगू, परवा सांगू, असं करत मी दिवस काढले असते, तर निदान नुसती भित्री ठरले असते. पण तुझं कार्ड आलं, ‘पत्र आलं का गं?’ आणि मी उलट टपाली लिहिलं, ‘अजून नाही.’ दोनच शब्द, पण माझ्या हातानं लिहिलेले. त्यानंतर कुणीतरी तुला पेपरातलं कात्रण दाखवलं असणार, आणि तू काय केलंस? ‘स्वप्नाली, हे कसं काय?’ एवढं तरी विचारायचंस! भांडायचंस! ते सोडून तू खानावळीत न जेवता खाड्यांचे परत मिळालेले पैसे मला पाठवलेस. ते कुठून आले हे तू न सांगताही मला कळतं. दोन वर्षं तुझ्याच खोलीत काढलीत मी.

माझं मन काय म्हणत होतं तेही सांगते, म्हणजे माझ्याविषयी काही चांगलं वाटून घ्यायला तुला जागा उरणार नाही. मी म्हणत होते, भार्गवीकडं कुठं पैसे आहेत? नारायणकाका तिला वाईहून महाबळेश्वरला एकटीला सोडत नाहीत, मलेशियाला काय सोडणार? म्हणजे जागा शेवटी माझ्याकडंच यायची. मग उगाच तिला आशा लावा, रडवा, आणि मग घ्या, त्यापेक्षा हे बरं. बघ, तुझ्या भल्यासाठीच करत होते म्हणे! रोज सकाळी उठल्यावर हे पटायचं, आणि बाळासोच्या सायकलची घंटा ऐकली की मी परसात पळायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

आज आमच्याकडं क्षमावाणी आहे. पर्युषण संपलं की आम्ही वर्षभरातल्या चुकांची एकमेकांकडं क्षमा मागतो. शेजारी, नातेवाईक, ज्यांच्याशी भांडण असेल त्यांच्याकडं तर आधी जायचं. जे लांब असतात त्यांना छापील कार्डं पाठवतो. तुलाही गेल्या दोन वर्षी पाठवली होती, ‘कळत-नकळत काही चुकलं असल्यास उत्तम क्षमा.’ दर वर्षी पत्ते मीच घालते. काल अण्णांनी साठ कार्डांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. एकोणसाठ झाली. तुझं कार्ड घेऊन बसले, तुझं नाव लिहिलं, आणि खाली ते ‘कळत-नकळत’ वाचलं. भार्गवी, माझं नकळत काहीच नव्हतं गं. ते कार्ड तसंच राहिलं, आणि आज सकाळी तुझी मनीऑर्डर आली.

मग ती दोन पत्रं फाडून मी उठले आणि तडक मागावर गेले. सगळे माग चालू होते, तिथं हळू आवाजात काही सांगता येत नाही, म्हणून जे अठरा दिवस पुटपुटलेही नव्हते ते मला ओरडून सांगावं लागलं. अण्णांनी एकेक करून सगळे माग बंद केले. मला वाटलं, आता मारतात. ते नुसते बाकावर बसले आणि पत्र मागितलं. इंग्रजी त्यांना येत नाही, तरी पत्र हातात धरून बराच वेळ बघत राहिले. पर्युषणाला आलेली आक्काताई माझं ओरडणं ऐकून आली होती, ती मात्र तडकली. लोकांनी पैसा आपल्या पोरीसाठी दिला, तो उचलून वाईच्या पोरीला द्यायचा म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार, म्हणाली. तिचंही चूक कसं म्हणू? तिची कालवड गेलीय. शेवटी अण्णाच बोलले. “आक्का, सवाल देवापुढं झालाय. पोरगी कुठल्या गावची, हे देव इचारत न्हाई.” आणि मला म्हणाले, “लोकांना सांगताना माझंबी नाव घे. पेढे मी वाटलेत.” आक्काताई पदर तोंडाला लावून आत गेली. अजून माझ्याशी बोललेली नाही.

आता मुद्द्याचं. दिल्लीचं पत्र सोबत घातलंय. हे पाकीट मी पोस्टात टाकत नाही. तीनच्या सातारा एसटीच्या कंडक्टरकडं देतेय, बिराप्पाला फोन केलाय, तो स्टँडवरून घेऊन तुझ्या हातात देईल. पाच वाजता मंदिरात क्षमावाणीचा कार्यक्रम आहे आणि तिथं सगळ्यांसमोर मला जमलेल्या पैशांची थैली देणार आहेत. मी उभी राहून सगळं सांगणार आहे. पण माझा माझ्यावर भरवसा नाही. नारळ दिसला की माझी जीभ टाळ्याला चिकटते हे आता मला कळलंय. म्हणून आधी एसटी जाऊ दे. ती गेली की मी गप्प बसले काय आणि बोलले काय, खरं तुझ्या हातात असेल. लोकांनी पैसे परत मागितले तर देऊ, तो त्यांचा हक्क आहे. पण अण्णा म्हणतात, मागवाले मागणार नाहीत, ते मलेशियाला सायकल पाठवतायत, ती माधवनगरची की वाईची हे त्यांच्या घरच्यांना समजावून सांगतील. थैलीत जे राहील त्याचा सोमवारी दिल्लीच्या नावानं ड्राफ्ट काढू, त्यासोबत तुझ्या सहीचा होकार लागेल. पासपोर्ट तुझ्याकडं एनसीसीच्या वेळचा आहेच. तू उद्या पहिल्या एसटीनं वाईला जा आणि नारायणकाकांना सगळं सांग. खोटं किती दिवस पुरतं ते माझ्यावरून बघ. ते नाही म्हणाले तर अण्णा आणि मी येऊन दारात बसू.

मला जायचं होतं, भार्गवी. अजूनही जायचंय. हे लिहिताना सुद्धा मनातलं एक माणूस म्हणतंय की काका नाहीच म्हणू देत. म्हणून एक कर, यापुढं तुझं कुठलंही पत्र माझ्या पत्त्यावर मागवू नकोस. दिल्लीला बिराप्पाच्या दुकानाचा पत्ता कळव. आणि क्षमा मी आज मागत नाही. आजच्या दिवशी मागितली की समोरच्याला द्यावीच लागते, आमच्यात तशी रीतच आहे, आणि तू तर न मागता देऊन मोकळी होशील. तू ती शर्यत करून ये. मग कुठल्यातरी साध्या वारी मी साताऱ्याला येऊन मागेन. तेव्हा तू नाही म्हणालीस तरी चालेल.

तुझीच,
स्वप्नाली