बारशाला येण्याआधी

सणसवाडी,
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

ज्योतिदादा,

करिश्माचा नमस्कार. वहिनीलाही सांग. बाळीचा माझ्या वाटचा एक पापा घे, दाढी करून घे मात्र.

बारशाचा तुझा मेसेज येऊन नऊ दिवस झाले आणि मी उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवला. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, आणि ही आत्या अंगठा दाखवून मोकळी! रोज लिहायला बसते. एकदा पेन संपलं, एकदा ओव्हरटाइम लागला, काल तर खोलीतल्या पोरींनी भरीत केलं म्हणून राहिलं. ही कारणं काही खोटी नाहीत. पण खरं कारण म्हणजे मला भीती वाटते.

फोन का नाही केला विचारशील. फोनवर तू "बोल करिश्मे" म्हणालास की मी भलतीकडेच जाते. मागच्या वेळी पंधरा मिनिटं तुला घरमालकिणीच्या कुत्रीची पिल्लं सांगितली, आठवतंय? म्हणून कागद. आणि रविवारी मी दौंडला यायचं का नाही, ते तू हे वाचून ठरवायचंस.

पण आधी ऐक ना, मी इंग्रजी शिकतेय! खरंच. दहावीला त्याच विषयात उडालेली तुझी बहीण दर गुरुवारी, कंपनीला सुट्टी असते तेव्हा, एसटीनं शिरूरला जाते. स्टँडच्या मागं सुषमाताई म्हणून रिटायर बाई आहेत, त्यांच्या पडवीत आम्ही अकरा जण बसतो. सगळे कंपन्यांतले. दोन बिहारचे आहेत, त्यांची मराठी माझ्या इंग्रजीपेक्षा बरी.

सध्या आमचं चाललंय ते म्हणजे क्रियापदाला शेपूट लावायचं. शब्द तोच, शेपूट बदललं की जनावरच बदलतं! गिव्ह म्हणजे देणं. गिव्ह बॅक म्हणजे परत देणं, इथवर ठीक. पण गिव्ह अप म्हणजे नाद सोडणं, आणि गिव्ह इन म्हणजे नमतं घेणं. कुठं देणं आणि कुठं नमणं! मी म्हटलं, ताई, आपल्यात पण हाय की. टाक म्हणजे टाक. पण टाकून जाणं निराळं, टाकून देणं निराळं, आणि टाकून बोलणं तर लईच निराळं. ताई खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "अगं, हे मी तीस वर्षं शिकवलं, पण असं कुणी सांगितलं नाही मला." मी दिवसभर हवेत.

आणखी एक गंमत. इट, हिम, हर असली छोटी माणसं आली की त्यांना मधे घ्यायचं. स्विच इट ऑफ. पिक हिम अप. पिक अप हिम म्हटलं की ताई डस्टर आपटतात. मला ते पाठ करावंच लागलं नाही. कळप चालताना कोकरू मधेच ठेवतो ना आपण, पुढं एडका, मागं कुत्रं. तसंच. पण काही ठिकाणी ते मधे येतच नाही, मागूनच चालतं. लुक आफ्टर हर. हर शेवटी. का, तर ताई म्हणतात, कळपाकळपाची रीत असते. आमच्या मशीनवरची 'स्विच ऑफ'ची लाल पाटी आता मला वाचता येते दादा! वर्षभर तिच्यासमोर उभी होते, मला वाटायचं कंपनीचं नाव आहे.

बघ, परत वाट सोडली. येते मुद्द्यावर.

पंधरवड्यापूर्वी ताईंनी घरचा अभ्यास दिला. असली दहा वाक्यं लिहायची, पण स्वतःची, आणि खरी. मी लिहिलं, मी पाचला उठते, वेक अप. बस चुकली की रिक्षा करते. अशी सात झाली. आठवं आलं, माय ब्रदर स्टुड अप फॉर मी. माझा भाऊ माझ्या बाजूनं उभा राहिला. नववं, आय लेट हिम डाऊन. मी त्याला तोंडघशी पाडलं.

वर्गात वाचल्यावर पोरी खिदळल्या. "करिश्मे, कोण गं हा हिम? कंपनीतला का?"

मी म्हटलं, "माझा दादा."

शेजारच्या पोरीनं माझी वही ओढून ते वाक्य पुन्हा वाचलं.

दहावं वाक्य कोरंच राहिलं. ताईंनी वहीत लाल पेनानं एवढंच लिहिलं, ओन अप टु इट. त्याचा अर्थ, केलेलं कबूल करणं. तर दादा, करते.

दोन वर्षांपूर्वी ज्ञानदेव तात्यांच्या रानात आपण तीन दिवस मेंढरं बसवायची, असा आबांनी शब्द दिला होता. लेंडीखत मिळणार म्हणून तात्यांनी कांद्याची लागण थांबवली होती. तू वहिनीला घेऊन केडगावच्या दवाखान्यात निघालास आणि जाताना मला बजावलंस, "सांजच्याला तात्याच्याच रानात बसव. कुठं थांबू नगंस." मी थांबले. वाटेवरच्या त्या सुदर्शनच्या उसावर ड्रोननं फवारणी चालली होती. आपल्या भागात पहिल्यांदाच. तो मोठा भुंगा उसावरून फिरतोय, आणि मी तोंड उघडं टाकून बघतेय. भान आलं तोवर दिवस मावळला होता आणि मेंढरं सुदर्शनच्या मोकळ्या वावरात आपली आपणच बसली होती. सुदर्शन म्हणाला, "आता बसू दे की." त्याला फुकटचं खत. मला उठवायचा कंटाळा. मी तिथंच वाघर लावली, जाळी चहूबाजूंनी ओढून घेतली आणि कुणाला काही बोलले नाही.

सकाळी पारावर, चार माणसांत, तात्या आबांना टाकून बोलले. "हौशीराम, तुझा शब्द म्हंजी शेळीचं शेपूट. लाज झाकंना का माशी हाकंना." आबांनी विचारलं, "कुणी बसवली मेंढरं?" तू माझ्याकडं बघितलंस. आणि म्हणालास, "मी."

तू का म्हणालास ते मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या भटकण्यावरून आबा आधीच तापलेले. माझं नाव आलं असतं तर पुढच्या महिन्यात हळद लागली असती मला. पण आबा तुला "कळपाला हात लावू नको" म्हणाले तेव्हा मी बोलायला हवं होतं. तू वहिनीला घेऊन दौंडला निघालास तेव्हा तरी बोलायला हवं होतं. आई असती तर तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं असतं. मी नुसती वाघर गुंडाळत राहिले. मग मलाही घरात राहवेना. आधी शिरूरला फुलांच्या दुकानात, मग हॉटेलात, मग इथं. लोक म्हणतात करिश्माच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी कसली, तुझी नाहीतर आबांची गाठ पडेल अशा कुठल्याच घरात मला बसवत नव्हतं.

मागच्या रविवारी आबांना फोन करून सगळं सांगितलं. तुला लिहिण्याआधी त्यांना कळायला हवं होतं. ते "हं" म्हणाले. फोन चालूच होता, मागून मेंढरं ओरडताना ऐकू येत होती. मग त्यांनी ठेवून दिला. चार दिवस झाले, काही नाही.

म्हणून विचारते, दादा. जिनं तुझा बाप तुझ्यापासून तोडला, तिनं तुझ्या लेकीच्या कानात नाव सांगायचं का? नाव मी काढलंय, पण इथं लिहीत नाही. तू नको म्हणालास तर वहिनीच्या बहिणीनं दुसरं सांगावं. मी रुसणार नाही. आज टाकलं तर हे रविवारच्या आत पोचेल का, देव जाणे. एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती देता आलं तर...

दादा, मधेच उठावं लागलं. खालून घरमालकीण अनसाबाई ओरडल्या, "अगं ए करिश्मे, एक म्हातारं आलंय बघ पटकेवालं! पोत्यात काय घेऊन आलंय कुणास ठाऊक, तीन गल्ल्या तुझ्या नावानं हाका मारत फिरलंय."

आबा आहेत!

माझ्या पत्र्याच्या पेटीवर बसलेत. तीन गाड्या बदलून आलेत. चहा घेतला, खोली बघितली, पंखा बघितला. मग म्हणाले, "त्यो 'मी' म्हणाला तवा तू कुठं हुतीस?"

मी म्हटलं, "तिथंच."

"हं."

पोतं पायाशी ओढून म्हणाले, "दौंडात ज्योतिबा कुठं ऱ्हातो?"

"आबा, आपल्या खुटबावहून दौंड केवढं जवळ! त्यासाठी तुम्ही इकडं उलटं आलात?"

"मग गावात कुणाला इचारू? पोराचं घर ठावं न्हाई म्हणून सांगू?"

पोत्यात घोंगडी आहे. एवढीशी, कोकराच्या पहिल्या कातरणीची, काळी. त्यांनी मला हात लावू दिला नाही.

ते उद्या सकाळीच निघतायत, रविवारपर्यंत थांबवत नाही म्हणतात. पत्ता मी कागदावर लिहून दिलाय, आणि हे पत्र त्यांच्याच बंडीच्या खिशात देतेय. त्यांना वाचता येत नाही. विचारलं तर मोठ्यानं वाचून दाखव, माझी एकही ओळ गाळू नकोस. मला ये म्हण किंवा नको म्हण, पण आबांना दारात उभं ठेवू नकोस.

ती मेंढरं मीच बसवली होती.

तुझी,
करिश्मा