टिक येईपर्यंत

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली. बायको म्हणते, बाबांसाठी बरं झालं. मी म्हणतो, ॲपसाठी बरं झालं. ॲप साधं आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने बटण दाबायचं, घरच्यांच्या फोनवर घंटा वाजते. ते बटण माझ्याकडे आलंय. दुसऱ्या कुणी नुसतं लाल केलं असतं. माझं बटण अलगद फुगेल, त्याचं वर्तुळ होईल, वर्तुळात हिरवी टिक उमटेल आणि मग घंटा. लोण्यासारखं. लोकांना आजारी पडावंसं वाटेल.

५ मार्च, बुधवार
वर्तुळ जमलं! माझ्या फोनवर तर बघतच राहावंसं वाटतं. बायकोला दाखवलं. तिने भांडी घासता घासता एक नजर टाकली आणि बाबांची चादर बदललीस का, म्हणून विचारलं. नजर सगळ्यांनाच नसते.
चादर उद्या नक्की.

१० मार्च, सोमवार
मीटिंग. टेस्टर बाईंनी नाक मुरडलं. जुन्या फोनवर वर्तुळ अडखळतं म्हणे. शिवाय टिक यायच्या आत परत दाबलं, की सगळं पहिल्यापासून सुरू होतं आणि घंटा जातच नाही. आधी घंटा पाठवा, मग काय फुगायचं ते फुगू दे, असं चक्क सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी शांतपणे सांगितलं, टिकेच्या आधी घंटा वाजली तर मजा काय राहिली? आणि शहाणा माणूस एकदाच दाबतो. त्यांनी लॅपटॉप मिटला. पटलं असावं.
चादर बायकोने बदलली.

१२ मार्च, बुधवार
बाबांच्या फोनवर ॲप टाकलं. झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात चालत नाही, आवाजही घशातच राहतो. डाव्या अंगठ्याने दाबलं. वर्तुळ थरथरत निघालं.
"गेलं का?" म्हणाले, आणि परत दाबलं.
म्हटलं, टिक येऊ द्या, बाबा.
"गेलं का?" परत दाबलं.
शेवटी त्यांचा अंगठा धरून ठेवला, तेव्हा कुठे टिक आली. घंटा वाजली. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दमले असतील. सवयीचा प्रश्न आहे.
बायको म्हणाली, तरी तुझ्या खोलीचं दार उघडं ठेव. ॲप असताना दार कशाला?

१४ मार्च, शुक्रवार, दुपारी चार
दार लावून बसलो. टिकेला बारीकशी उसळी दिलीय, चेंडू टप्पा खातो तशी. डोळ्यांचं पारणं फिटतं. जेवणानंतर बाबांची एकदाही घंटा नाही. सुधारताहेत.

१५ मार्च, शनिवार. हॉस्पिटल
काल बायको शाळेत शिकवून आली तेव्हा बाबा पलंगाशेजारी फरशीवर पडलेले होते. खुब्याचं हाड मोडलंय. कपडे ओले. फोन हातात, अंगठा चालूच. वर्तुळ फुगायचं, पुन्हा पहिल्यापासून फुगायचं.
बायको ओरडली असती तर माझं उत्तर तयार होतं : फोन जुना आहे.
डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी नव्हतं का? म्हटलं, होतो की. शेजारच्या खोलीत.

२९ मार्च, शनिवार
बाबांना ताई घेऊन गेली. हवापालट होईल. गाडीत बसवताना मी पुढे झालो, तर बाबा दाजींना म्हणाले, "तुम्ही धरा." दाजींची ताकद जास्त आहे, हे मान्य करायला हवं.
बाबांच्या खोलीत टेबल हलवावं का? उजेड चांगला आहे. बायकोला विचारलं. ती आत निघून गेली.

४ एप्रिल, शुक्रवार
ॲनिमेशन काढून टाकलं. फार वेळ लागला नाही. आता दाबल्याबरोबर घंटा जाते आणि बटण नुसतं लाल होतं. टेस्टर बाई म्हणाल्या, हे छान झालं. अचानक कसं सुचलं, विचारत होत्या. म्हटलं, असंच.

६ एप्रिल, रविवार
ताईकडे फोन केला. म्हटलं, बाबांना दे जरा. ती म्हणाली, थांब हं. मग मागून बाबांचा आवाज आला.
"सांग त्याला, झोपलोय म्हणून."
ताई म्हणाली, झोपलेत रे.
बरं म्हणून ठेवला. आवाज आता बराच स्पष्ट येतो त्यांचा.