अ‍ॅम्प्लिफायरची घरघर

धरमपेठ, रविवार, १२ मे १९८५

डोकं भणाणलंय. बाबांना टीव्ही नीट ऐकू येत नाही म्हणून घरीच अ‍ॅम्प्लिफायर बनवला, आणि महिनाभर त्याच्या घरघरीच्या मागे लागलो. आमच्या सौ. सुमनची अट एकच, डबा शोकेसमध्ये मावला पाहिजे. एवढ्याशा डब्यात मोठा ट्रान्सफॉर्मर कोंबला की घरघर होणारच. आज तो काढून लहान बसवला. घरघर गेली! सिनेमा लागायच्या आधी मुद्दाम कूलर बंद करून दोघांना ऐकवलं.

"काहून बंद केला गा कूलर? उकडून राहिलं ना," बाबा म्हणाले.

"बाबा, घरघर गेली ना!"

"कोणती घरघर?"

सुमन पदर तोंडाला लावून आत पळाली. हसायला, दुसरं काय.

मग कूलर परत लावला, सिनेमा लागला. बाबा खुर्ची ओढत पार टीव्हीच्या काचेशी जाऊन बसले. "पहिले मस्त ऐकू येत होतं गा. आता काय करून ठेवलं?"

लहान ट्रान्सफॉर्मरचा दम तेवढाच. हे कळायला हवं होतं मला. मग महिनाभर मी नेमकं कोणासाठी खपत होतो?

उद्या मोठा परत बसवतो. घरघरीसकट. कूलरच्या आवाजात ती माझ्याशिवाय कोणाला ऐकू येत होती म्हणा!