गढूळ पाण्याची सुट्टी

१८ जून १९९६, नगर

माचवाडीच्या डोंगरावरची भेग चार बोटं रुंद झाली. काल तलाठ्यांनी वर जाऊन मोजली, अकोल्याच्या तहसीलदारांनी आज दुपारी फोनवर खात्री दिली. मेमध्ये दोन बोटं होती. पावसाची खरी झड अजून लागायचीय.

बातमी दिली. चौथ्या पानावर, आठ ओळी. वाचणाऱ्यांतल्या कितीजणांना माचवाडी कुठे आहे ते ठाऊक असेल? राजूरच्या पलीकडे, डोंगराच्या माचीवर, चाळीसेक घरं. चौथीपर्यंत मी तिथेच शिकलो. वडील तिथले मास्तर, चारही वर्गांना एकटे.

तहसीलदार म्हणाले, "तुमच्या आराखड्याप्रमाणे सगळं तयार ठेवलंय." 'तुमच्या' म्हणाले. बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

१९ जून

आराखड्याची हकीकत इथे लिहून ठेवतो, नंतर आठवायची नाही.

किल्लारीनंतर वरून आदेश आले, संकटाच्या वेळी काय करायचं ते आधी लिहून ठेवा. डोंगरी गावांना प्रत्येकी एक पान. धोका कसला, इशारा कोण देणार, जमायचं कुठे. मसुदा 'सदरहू' आणि 'उपरोक्त'ने भरलेला. एप्रिलात तहसीलदार नगरला मीटिंगला आले तेव्हा ऑफिसात येऊन म्हणाले, "वाडीतल्या बाईला वाचून दाखवलं तर कळेल, असं मराठी करून द्या." राजूरकडची अकरा पानं. सोमवारी हवी होती, रविवारी दिली. सवय.

माचवाडीच्या पानावर जमायच्या जागेचा रकाना रिकामा होता. मीच भरला. 'शाळेत जमावे. शाळा वाडीच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या अलीकडे, पक्क्या खडकावर आहे.' कुणाला विचारायची गरज वाटली नाही. त्या शाळेची पायरी मला आजही पायाखाली लागते. पायरीपाशी चाफा, चाफ्याखाली आमच्या पाट्यांची चळत.

आज परत वाचलं. अकरांत तेच पान चांगलं उतरलंय.

२२ जून, राजूर

पाच दिवस रजा. संगमनेरला गाडी बदलली, पोचायला दुपार झाली. बाजार भरलेला. इरली, दोरखंड, सुकट. वडील इथूनच शाईच्या गोळ्या घ्यायचे.

सोनाबाई भेटली. तिसरीपर्यंत माझ्या शेजारी बसायची, मग गुरांमागे गेली. आता नातवंडांची आजी, पण आवाज तोच. बाजाराच्या या टोकाची हाक त्या टोकाला.

"आरं ए आरुन! त्यो कागूद तू लिव्हलास व्हय?"

म्हटलं, हो.

"मास्तराचा पोर आन् शाळा इसरला!"

म्हटलं, काय झालं?

"आरं, शाळा वड्यापल्याड गेली. पंधरा वर्सं झाली. वडा चढला का पोरंबी जात न्हाईत शाळेला. आन् तू लिव्हतूस, लई पाऊस आला का समद्यांनी शाळेत जावा. कसं जावं? पवत?"

सुकटवाली हसली. शेजारचा दोरखंडवालाही. मी पण हसलो, काय करणार.

माझ्या डोळ्यांसमोर होती ती देवळाची पडवी. आमची शाळा तिथे भरायची. इमारत नंतर झाली, पलीकडे, रस्त्याच्या बाजूला. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. ऐकलं होतं कधीतरी. लिहिताना मात्र...

२३ जून, माचवाडी

सगळं पाहिलं. जसंच्या तसं लिहितो.

ओढ्यापलीकडची शाळा चांगली आहे. दोन खोल्या, कौलं शाबूत. शेख गुरुजी सहा वर्षं इथे आहेत, शाळेतच राहतात, अधूनमधून राजूरला घरी. त्यांनी आराखड्यातली यादी भिंतीला चिकटवलीय. कंदील, दोर, औषधांची पेटी, तांदळाची पोती, ताडपत्र्या. एकही वस्तू कमी नाही. मला म्हणाले, "साहेब, सामान सगळं इकडे आहे आणि माणसं सगळी तिकडे. मी मेमध्येच विचारणार होतो, पण कागद छापून आलेला. म्हटलं काहीतरी विचार असेल."

काही विचार नव्हता, गुरुजी.

मग देवळाकडे गेलो. पडवीचं छप्पर बसलंय. पायरी आहे. चाफा नाही. पायरीवर उभं राहून वर पाहिलं, तर तलाठ्यांनी चुन्याने खूण केलेली भेग बरोब्बर डोक्यावर. म्हणजे कुणी माझं पान नीट वाचून, शाळा सोडून मी वर्णन केलेली जागा शोधत आला असता, तर इथे आला असता.

पायरीवर बसवलं नाही.

२४ जून, माचवाडी

सकाळी सोनाबाई झऱ्यावर घेऊन गेली. नळ आल्यापासून पावसाळ्यात तिथे कुणी फिरकत नाही. पायवाट तरोट्याने बुजलेली, ती काठीने झोडपत पुढे. पाणी अजून तसंच, गार, खालचा खडा न् खडा दिसणारं.

"गढूळ सुट्टी आठीवती का रं?"

आठवली. तिने विचारलं आणि एकदम सगळंच आठवलं. झऱ्याचं पाणी आणून वडील दौतीत शाई करायचे. आषाढ-श्रावणात एखाद्या सकाळी पाणी चहासारखं तांबडं यायचं. पहिली जी बाई पाण्याला गेली असेल ती झऱ्यावरूनच हाळी द्यायची, "चला वर होऽऽ". ती हाळी पुढची बाई उचलायची, मग तिच्या पुढची. वडील पडवीत येऊन म्हणायचे, "आज शाई होत नाही. सुट्टी." आम्ही ओरडत सुटायचो. सगळी वाडी वर पठारावर, गुरांच्या वाड्यांमध्ये. एक रात्र, कधी दोन. कारवीच्या कुडातून वारा, नागलीची भाकर, गुरांची ऊब, आणि आमच्या आयांचा एकत्र स्वयंपाक. वर्षातले सगळ्यात मजेचे दिवस. दसऱ्यापेक्षा मी त्यांची जास्त वाट बघायचो.

मी सोनाबाईला म्हटलं, शाई होत नाही म्हणून सुट्टी द्यायचे, एवढंच वाटायचं मला.

"आरं खुळ्या, डोंगर सुटतूय का काय म्हून जात हुतो वर. पोटातनं माती आली का पानी तांबडं हुतं. पोरास्नी कशाला सांगायचं? रडली असती."

बावन्न वर्षांचा झालो. कळायला आजचा दिवस उजाडावा लागला.

वाडीजवळ आराखडा होता. आमच्या आधीचा, कुणी न लिहिलेला. नळ आला, पाण्याला जाणं संपलं, आणि त्याबरोबर तोही गेला. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

२६ जून, अकोले

तहसीलदारांना सगळं सांगितलं. चूक माझी, पान माझं. रागावतील असं वाटलं होतं. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "जमायची जागा पठार करा. सामान हलवायची जबाबदारी माझी. भूगर्भवाल्यांना पत्र गेलंय, जुलैच्या मध्यात येतील."

समोर बसूनच पान नवं लिहिलं. 'इशारा' या रकान्यात झऱ्याचं पाणी आणि हाळी. त्यांनी विचारलं, "पाणी रोज बघणार कोण? नाव आणि पद लिहावं लागतं."

सोनाबाईला निघतानाच विचारून ठेवलं होतं. "मी बघती की. मला तसंबी पहाटं झोप न्हाई." नाव लिहिलं. पदाच्या जागी लिहिलं, 'पाणी बघणारी'. तहसीलदार हसले, पण सही केली.

२ जुलै, नगर

व्यवस्था लागली. सोनाबाई सकाळी झऱ्यावरून बाटली भरते. दुधाच्या कॅनबरोबर ती ओढ्यापलीकडे गुरुजींकडे. गुरुजी पांढऱ्या कागदासमोर धरून बघतात आणि दुधाच्या जीपबरोबर राजूरला चिठ्ठी देतात. तिथला एसटीडी बूथवाला आधी तहसीलला वाचून दाखवतो, मग मला. आजची चिठ्ठी: 'पाणी स्वच्छ. पाऊस मध्यम. ओढा गुडघाभर.'

सामान अर्धं पठारावर पोचलं. उरलेलं ओढा उतरला की.

५ जुलै

'पाणी स्वच्छ. सोनाबाई विचारतात, पगार कधीपासून.'

ऑफिसात वाचून दाखवली. पोट धरून हसले सगळे. मी खिडकीशी गेलो. नगरचं आकाश कोरडं, भुईकोटावर घारी फिरताहेत. इथे बसून तिकडचा पाऊस कळत नाही.

जुन्या ट्रंकेत वडिलांची दौत सापडली. तळाला निळा, वाळलेला थर. धुतली नाही.

९ जुलै

'पाणी स्वच्छ. पाऊस जोर. आवणी सुरू.'

ही आवणी मी विसरलो होतो. नव्या पानातही. भाताची रोपं खाचरात लावायचे दहा-बारा दिवस, घरातला प्रत्येक हात लागतो, आणि ते दिवस ऐन झडीचे. खाचरं सगळी भेगेखालच्या उतारावर. तलाठी सांगायला गेले, जरा आधीच पठारावर जा. एकाने त्यांना विचारलं म्हणे, "रोपं पन वर नेऊ का, आन्ना?"

पूर्वी काय करायचे? आठवायचा प्रयत्न करतोय. मला फक्त सुट्टी आठवते. वर गेलेल्या दिवसांत खाली रोपांचं काय व्हायचं, ते त्या वयात कुणी बघितलंय.

११ जुलै

भेग पाच बोटं. तलाठी. आता वर जाणं अवघड, यापुढे मोजता येणार नाही, असंही कळवलंय.

'पाणी स्वच्छ, जरासं पांढुरकं वाटलं. माझ्या डोळ्यांचा दोष असू शकेल. शेख.'

तहसीलदारांना फोन केला. त्यांना आधीच कळलं होतं. भूगर्भवाले परवा संध्याकाळी अकोल्यात मुक्कामाला येताहेत.

१२ जुलै

'पांढुरकंच. डोळ्यांचा दोष नाही.'

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. साखर कारखान्याच्या सभेची बातमी दोनदा लिहिली, दोन्ही वेळा अध्यक्षांचं नाव चुकलं. घरी सुमन म्हणाली, जाऊन या एकदा. गेलो तरी ओढ्याच्या अलीकडेच राहणार. रस्त्याच्या बाजूला.

१३ जुलै

आज बाटली आली नाही. ओढा दुथडी, दुधाचे कॅनही अडकले.

दुपारी दोनला फोन. बूथवाला नाही, स्वतः गुरुजी. जीपमधून राजूरला आले होते, भिजलेले, आवाज बसलेला. सकाळी शाळेच्या ओट्यावरून त्यांनी हाका मारल्या. पलीकडच्या काठावर सोनाबाई इरलं घेऊन उभी. पाण्याच्या आवाजातूनही तिचा आवाज येत होता, यांचा तिला पोचत नव्हता, म्हणून हातवारे.

"पानी ताकावानी!" ती ओरडली. "तांबडं न्हाई अजून!"

गुरुजींनी पठाराकडे हात केला. ती म्हणाली, बाया, पोरं, म्हातारी माणसं कालच वर गेली. सामानातलं निम्मं वर आहे, तांदूळ पुरेल. आवणीचे गडी खाली आहेत, दोन दिवसांचं काम राहिलंय. हाळी ऐकली का पळतील, रोपं हातात घेऊन पळतील.

गुरुजींनी मग तिच्याकडे बोट केलं. तू?

"मी गेल्यावर झरा कोन बगनार? कागदावर नाव हाय माजं!"

गुरुजी हे सांगताना हसले. लाईनवर पाऊस ऐकू येत होता.

मी म्हटलं, तिला सांगा, नाव मी खोडतो. आत्ता खोडतो.

"कसं सांगू, साहेब? माझा आवाज पोचत नाही."

तहसीलदारांशी बोललो. भूगर्भवाले अकोल्यात पोचले आहेत. उद्या सहाला दोर आणि माणसं घेऊन सगळे निघतील, ओढा उतरला तर ओलांडतील, नाही तर लांबच्या वाटेने पठारावर. त्याला दुपार होईल. आज संध्याकाळीच का नाही, असं विचारलं. म्हणाले, घाटात दरड आहे, काढताहेत.

दौत टेबलावर आणून ठेवलीय. का, सांगता येणार नाही.

उद्या उजाडल्यावर सोनाबाई झऱ्यावर जाईल. सातला गुरुजी शाळेच्या ओट्यावर. पाणी ताकासारखं राहिलं तर ती काठावर येऊन तसं सांगेल. तांबडं आलं तर काठावर येणार नाही, झऱ्यावरूनच हाळी देईल आणि वर पळेल. तसं तिनेच ओरडून सांगितलंय. राजूरहून फोन साडेआठपर्यंत यायला हवा. मी सातपासून इथेच, फोनपाशी असेन.