तो हात तुझ्यामुळे गेला नव्हता

आई, आज तलासरीच्या आमच्या दवाखान्यात झरीहून एक म्हातारी आली होती, तिला बघून तुझी आठवण आली. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरं झालं, म्हातारी दिसल्यावर तरी आई आठवते. तिची सून बाळाला घेऊन डॉक्टरांपुढे बसलेली, मुलगा दारात, आणि ही बाहेर पायरीवर, आत यायला तयारच नाही. बाळ दोन महिन्यांचं. उजवा हात अंगालगत पडलेला, तळवा मागे वळलेला. ते बाळंतपण मीच केलं होतं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. अशा वेळी विचार करायला सवड नसते, बाळ निळं पडत जातं. मी बोटं घालून खांदा सोडवला तेव्हा बोटाखाली कट्कन आवाज झाला. गळ्याखालचं हाड, कॉलरबोन, मोडलं होतं. नव्या बाळाचं हाड काय, दोन-तीन आठवड्यांत सांधतं, बाही अंगाला पिनेनं टाचून ठेवली की झालं. पण त्याच ओढाताणीत मानेतून हाताकडे जाणारी शीरही ताणली जाते, हात लुळा पडतो, आणि तो सुधारेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही. घरी सोडताना आम्ही ‘हाताला जपा’ एवढंच म्हटलं. जपायचं म्हणजे काय करायचं नाही, ते सांगायचं राहून गेलं. म्हातारीनं पाय पसरून बाळाला नडग्यांवर घेतलं, तेल लावलं, आणि सगळ्याच बायका घेतात तसे त्याचे दोन्ही हात छातीवर आडवे घेतले. बाळ किंचाळलं. हात आजीनंच घालवला, असं घरात ठरून गेलं.

तू गावातल्या बाळांना तेल लावून न्हाऊ घालायचीस, तेव्हा तुझ्या बाबतीतही असंच ठरलं होतं. मी अकरा वर्षांची आहे. तू काठ्यांवरचे वाळलेले बोंबील काढून टोपलीत भरते आहेस आणि शेजारच्या आळीतला बाप अंगणात येऊन उभा राहतो. "काकी, तुमच्या हाताखाली गेला माझ्या पोराचा हात." तू टोपली खाली ठेवतेस. "रडला होता रे तो. मी म्हटलं, अंग मोकळं होतंय, रडू दे." एवढंच बोललीस. डहाणूच्या इस्पितळात जन्मताना त्या पोराला किती मुश्किलीनं बाहेर काढलं होतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण ते आणि हे कुणी जोडून बघितलं नाही. तूही नाही. त्यानंतर बाळाला न्हाऊ घालायला तुला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तू गेली नसतीस. तेलाची वाटी तू माळ्यावर टाकलीस. तो पोरगा समोरून येताना दिसला की तू दुसऱ्या गल्लीत वळायचीस. आता तो चांगला बाप्या झालाय. जाळं ओढता येत नाही म्हणून होडीवर कुणी घेत नाही, बंदरावर एका हातानं बर्फ फोडतो.

जन्मताना खांदा अडकला की हात असा जातो, हे मला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं. वर्गात बसल्या बसल्या मला तो पोरगा दिसला, तू दिसलीस. त्यानंतर तू सहा वर्षं होतीस, आई. दर सुट्टीला मी घरी यायचे, तू माझ्या पिशवीत सुकटीची पुडी कोंबायचीस, आणि मी ते न सांगताच परत जायचे. जुनं उकरून काय मिळणार, असं स्वतःला सांगायचे. शेवटच्या आजारात तू एकदा स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत होतीस. मी तुला औषध दिलं.

आज मात्र मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. म्हातारीनं मान वर केली नाही. "बाय, मीच ओढला ना त्याचा हात?"

"आजी, तुमच्यामुळे नाही झालं. जन्मताना खांदा अडकला होता. तेव्हाच झालं, माझ्या हातात असताना."

"नको गो माझं मन राखू."

मुलगा ऐकत होता. तो म्हणाला, "सिस्टर, तुम्ही कशाला उगाच स्वतःवर घेता? तुम्ही तर जीव वाचवला त्याचा." मी पुन्हा समजावलं, डॉक्टरांनीही समजावलं. म्हातारी मान हलवत राहिली. जाताना सुनेनं बाळाला तिच्याकडे दिलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही. तिघं रिक्षात बसली, म्हातारी पुढे ड्रायव्हरजवळ.

खरं सांगते, तिला पटलं नाही तेव्हा मला थोडं बरं वाटलं. म्हटलं, म्हणजे मी सांगितलं असतं तरी तुलाही पटलं नसतं. घरी येऊन हे लिहायला बसले आणि कळलं की हे खोटं आहे. पोरगी शिकलेली आहे म्हणून तू माझं लगेच खरं मानलं असतंस आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरची वाटी काढली असतीस. हॉस्टेलच्या मुलींना मी सांगितलं होतं, माझी आई मासळीचा धंदा करते. लोकांची पोरं न्हाऊ घालते, हे सांगायची मला लाज वाटायची. तुझं ते काम सुटलं होतं, आई, आणि ते सुटलेलंच मला हवं होतं.