डाव्या पायाचा मान

आर्णी,
ता. १८ नोव्हेंबर १९५८

प्रिय बेबी,

चार महिन्यांत एक ओळ धाडली नाही अन् आज ताईनं शेजारच्या हंसाबाईच्या हाती पत्र काहून दिलं, असं तुले वाटंल. सांगते. बसून वाच. तुम्हा नर्सबायांना दवाखान्यात बसाले भेटते की नाही, देव जाणे.

तुले आठवते, आपल्या घरी लोक माझ्यासाठी यायचे? मी पायाळू, जन्मतानी पाय आधी आले, म्हणून कोणाच्या कंबरेत उसण भरली की मले शाळेतून बोलावून न्यायचे. माणूस पालथा झोपला की त्याच्या पाठीले डावा पाय सात वेळा नुसता टेकवायचा, झालं. ते गूळ देत, तो तूच खाऊन टाकायची.

मागल्या सोमवारी माझ्या सासऱ्यांनी, नानाजींनी, बैलबंडीवरून कापसाचं गाठोडं उतरवलं अन् तिथंच वाकडे झाले. सासूबाई म्हणाल्या, घरात पायाळू सून असतानी वैद्य कायले पाहिजे? सासऱ्यांच्या पाठीले पाय लावाचा म्हणजे पाप, म्हणून मी आधी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मग सात वेळा पाय लावला. आराम पडला नाही. सासूबाई हसून म्हणाल्या, आता हिच्या पायातही काही राह्यलं नाही. बेबी, ते मले लई लागलं. सहा वर्षांत कूस उजवली नाही, या घरात माझा मान होता तो एवढ्या पायाचाच.

दुसऱ्या दिवशी सासूबाई विहिरीवर गेल्यावर मी भिंतीले हात टेकून नानाजींच्या कंबरेवर दोन्ही पायांनी उभी राह्यली अन् टाचेनं दाबलं. कट्ट असा आवाज झाला. ते म्हणाले, सुटलं पोरी. उठून चहा पिले, बैलांना चारा टाकला. मी दिवसभर तोऱ्यात होती.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पायांना मुंग्या आल्या. आता डावा पाय उचलत नाही, चिमटा काढला तरी समजत नाही. कालपासून लघवीही अडकली. सासूबाई म्हणतात, अंगावरून वारं गेलं. तुझे भाऊजी देवाले नारळ बोलले. पायाळूच्या पायानं कधी वाईट होत नाही, असं सारं गाव म्हणते अन् मी भीतीनं गप बसते.

आज दुपारच्या मोटरनं नानाजींना तुझ्याच दवाखान्यात आणून राह्यले. डॉक्टर विचारतील, कंबरेले काय झालं? तुझे भाऊजी गाठोड्याचं सांगतील, त्यांना तेवढंच ठाऊक आहे. नानाजीही तेच सांगतील. काल मी म्हटलं, मी सगळ्यांना खरं सांगते, तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, गाठोड्यानंच झालं पोरी, तू बोलू नको, तुले घरात ठेवणार नाहीत. म्हणून हे पत्र सकाळच्या मोटरनं त्यांच्या आधी धाडून राह्यली. डॉक्टरले सांग, कंबरेवर माणूस उभं राह्यलं होतं अन् आवाज झाला होता. कोण, असं विचारलं तर माझं नाव सांग. मले माहेरी धाडलं तर धाडू दे. माझ्यासाठी ते पांगळे झाले तर मी त्यांना तोंड कसं दाखवू?

तुझीच ताई,
इंदू